शिरोडकरांचा टाका

दवाखान्यातल्या केसपेपरवर काही नावे इतक्या सहज लिहिली जातात की ती कधीकाळी जिवंत माणसांची होती, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. 'शिरोडकर' हे त्यांतलेच एक. पुसद, वणी, दारव्हा किंवा उमरखेडहून आलेल्या एखाद्या गर्भवतीच्या कागदावर गर्भाशयाच्या मुखाला टाका घातल्याची नोंद असते. घरची मंडळी पिशवीचे तोंड शिवले आहे, असे सांगतात. जिचे आधीचे दोन-तीन गर्भ पाचव्या-सहाव्या महिन्यात गेले आहेत, तिची सारी आशा त्या टाक्यावर टांगलेली असते. हा टाका जगाला देणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्यात जन्मले, मुंबईत शिकले आणि मुंबईतच त्यांनी डॉक्टरांच्या अनेक पिढ्या घडवल्या.

दिवस भरण्याच्या कितीतरी आधी गर्भाशयाचे तोंड उघडते, पाणमोट फुटते आणि गर्भ जातो, हे थांबवता येईल का, या प्रश्नाला त्यांनी उत्तर शोधले. ते उत्तर आज सत्तर वर्षांनंतरही वापरात आहे. मात्र त्या उत्तरालाही मर्यादा आहे. पाणमोट एकदा फुटली की बाळाला खरा धोका जंतुसंसर्गाचा असतो आणि तिथे टाका उपयोगी पडत नाही; उलट तो तसाच राहिला तर अडचण वाढू शकते. म्हणून शिरोडकरांनी काय केले हे जसे माहीत हवे, तसेच त्यांच्या टाक्याने काय होत नाही हेही माहीत हवे.

शिरोडा ते भायखळा

विठ्ठल शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. आडनाव गावावरूनच आलेले. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते, तर मुंबईत प्लेगची साथ येऊन तीन वर्षे होत आली होती. शालेय शिक्षणासाठी ते हुबळीला गेले आणि तिथून मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. १८४५ मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाला जोडलेले आहे. १९२३ मध्ये ते एम.बी.बी.एस. झाले आणि १९२७ मध्ये प्रसूती व स्त्रीरोग या विषयात त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये त्यांनी एफ.आर.सी.एस. ही शल्यचिकित्सेतील मानाची पात्रता संपादन केली.

प्रसूतिशास्त्राच्या डॉक्टरने शल्यचिकित्सेची परीक्षा देणे पुढे त्यांच्या कामी आले. बाळंतपण म्हणजे मुख्यतः वाट पाहणे आणि अडले तर सोडवणे, अशीच त्या काळातली पद्धत होती. शिरोडकर मात्र स्त्रीच्या शरीरातला बिघाड नेमका कुठल्या पेशीजालात आहे आणि तो शिवून, बांधून किंवा उचलून धरून दुरुस्त करता येईल का, असा विचार करणारे शल्यविशारद होते. त्यांची पुढची सगळी कामगिरी या एकाच धाटणीची आहे.

मुंबईला परतल्यावर जे. जे. समूहाच्या रुग्णालयांत त्यांची मानद डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. खासगी व्यवसाय सांभाळून सार्वजनिक रुग्णालयात गोरगरिबांवर उपचार करायचे आणि विद्यार्थ्यांना शिकवायचे, अशी ती मानद डॉक्टरांची परंपरा होती. १९४० मध्ये ते ग्रँट महाविद्यालयात प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग विषयाचे प्राध्यापक झाले.

त्या काळातल्या प्रसूतिकक्षाची आज कल्पना करणे अवघड आहे. सोनोग्राफी नव्हती. गर्भावरची सोनोग्राफी वैद्यकीय जगासमोर आली ती १९५८ मध्ये, स्कॉटलंडच्या इयान डोनाल्ड यांच्यामुळे. पोटातल्या बाळाचा अंदाज हाताने चाचपून आणि कानाला नळी लावून घ्यावा लागे. बाळंतज्वरावर सल्फा औषधे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, आणि पेनिसिलीन सर्वसामान्य रुग्णालयांत पोहोचले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तोपर्यंत बाळंतिणीला ताप भरला की डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. बाळंतिणीच्या अंगात शिरलेले जंतू बाळालाही गाठत.

न दुखता जाणारे गर्भ

अशा प्रसूतिकक्षात शिरोडकरांचे लक्ष काही विशिष्ट स्त्रियांकडे गेले. त्यांचे चार-चार, काहींचे त्याहूनही अधिक गर्भ गेलेले होते. सगळे चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपाताचे कारण बहुधा गर्भातच असते. या स्त्रियांचे गर्भ मात्र चांगले वाढलेले असत. सुरुवातीला रक्तस्राव नाही, फारशा कळा नाहीत. ओटीपोटात थोडे जड वाटायचे, कंबर भरून यायची, आणि मग एकाएकी पाणी जायचे. त्यानंतर थोड्याच वेळात सगळे संपायचे.

उपचार म्हणून त्यांना अंथरुणावर पडून राहायला सांगितले जाई. संप्रेरकांची इंजेक्शने दिली जात. तरीही पुढचा गर्भ त्याच महिन्यांत जाई. घरीदारी या गोष्टीची वेगळीच कारणे शोधली जात. बाईने जड उचलले, उंबऱ्यावर बसली, कुणाची नजर लागली, तिच्या कुशीतच दोष आहे. दर गर्भपातानंतर दोषाचे ओझे बाईच्याच डोक्यावर चढत जाई. काही घरांत तर दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होत.

शिरोडकर या स्त्रियांना गर्भारपणात पुन्हा पुन्हा तपासत राहिले. गर्भाशयाचे मुख, म्हणजे पिशवीची मान, एरवी नवव्या महिन्यापर्यंत घट्ट मिटलेली असते. या स्त्रियांमध्ये ती कळा नसतानाच आतल्या बाजूने हळूहळू सैल होत जाते, असे त्यांना आढळले. पोत्यात भरपूर कापूस भरावा आणि तोंडाची सुतळीच कच्ची निघावी, तशी ही गत. गर्भ वाढतो, वजन वाढते, मुख उघडू लागते आणि पाणमोट त्या फटीतून फुग्यासारखी खाली उतरते. आतला दाब आणि खालून होणारा जंतूंचा संपर्क या दोन्हींमुळे तिचे पातळ आवरण फुटते.

मुखाचा हा कमकुवतपणा काही स्त्रियांमध्ये जन्मजात असतो. काहींमध्ये आधीच्या अवघड बाळंतपणात मुख फाटलेले असते, तर काहींमध्ये पिशवी साफ करताना ते जबरदस्तीने उघडल्यामुळे इजा झालेली असते. कारण कोणतेही असो, दोष पेशीजालातला आहे, बाईच्या वागण्यातला किंवा नशिबातला नाही, हे एका तपासणाऱ्या हाताने दाखवून दिले. नंतर प्रसिद्ध झालेल्या शस्त्रक्रियेइतकेच हे निदानही मोलाचे होते.

१९५५ चा लेख

मुख कमकुवत असू शकते, हा विचार अगदीच नवा नव्हता. अमेरिकेत लॅश नावाच्या डॉक्टरांनी १९५० मध्ये त्यासाठी एक शस्त्रक्रिया सांगितली होती. ती गर्भ नसताना करायची होती: मुखाचा सैल झालेला भाग पाचरीसारखा कापून काढायचा आणि कडा शिवून टाकायच्या. त्यात पुढे गर्भ राहण्यातच अडचण येण्याची भीती होती.

शिरोडकरांनी वेगळी वाट धरली. गर्भ पोटात असतानाच, मुख पुरते उघडण्यापूर्वी ते बाहेरून बांधून टाकायचे. आजच्या वाचकाला हे सोपे वाटेल. त्या काळी गर्भवतीच्या पिशवीला सुई लावणे म्हणजे गर्भपात ओढवून घेणे, अशीच समजूत होती. शिवाय शस्त्रक्रिया योनीमार्गातून करायची, जिथे निरोगी स्त्रीमध्येही असंख्य जंतूंची वस्ती असते. जंतू वर गेले तर गर्भ आणि आई दोघांच्याही जिवावर बेतणार.

बांधायला धागा कोणता घ्यायचा, हाही प्रश्न होता. पोटातले बाळ वाढत असताना तो महिनोन्महिने ताण सोसणारा हवा आणि शरीराने तो स्वीकारलाही पाहिजे. शिरोडकरांनी तो रुग्णाच्याच शरीरातून घेतला. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर एक पांढरे, चिवट आवरण असते. त्याची एक अरुंद पट्टी ते काढून घेत. मग गर्भाशयाच्या मुखावरची त्वचा पुढे आणि मागे थोडी उघडून, मूत्राशय वर सरकवून, मुखाच्या आतल्या तोंडाच्या पातळीपर्यंत ते पोहोचत. तिथे ती पट्टी कडेसारखी फिरवून बांधत आणि वरून त्वचा पुन्हा शिवून घेत. पट्टी आत झाकली जाई. नंतरच्या काळात मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत वापरात आली.

१९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात त्यांचा लेख आला. गर्भारपणाच्या मधल्या तीन महिन्यांत वारंवार होणाऱ्या गर्भपातांवर शस्त्रक्रियेची नवी पद्धत, असा त्याचा विषय होता. लेख जेमतेम दोन पानांचा होता. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या नामांकित नियतकालिकात तो आला नव्हता. तरी ही पद्धत जगभर पसरली.

दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे इयान मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत मांडली. त्वचा न उघडता, मूत्राशयाला हात न लावता, बटव्याची नाडी ओढावी तसा मुखाभोवती धागा ओवायचा आणि गाठ बाहेर दिसेल अशी ठेवायची. घालायला सोपा आणि काढायलाही सोपा असल्यामुळे हा टाका आज अनेक ठिकाणी अधिक वापरला जातो. ज्या ठिकाणी मुख फारच आखूड किंवा फाटलेले असते आणि टाका उंचावर बसायला हवा, तिथे शिरोडकरांच्या पद्धतीकडे वळावे लागते. दोन्हींमागचा विचार शिरोडकरांचाच आहे: गर्भ असताना, वेळेत, बाहेरून आधार द्यायचा.

बाईला बाई म्हणून वाचवणारा शल्यविशारद

शिरोडकरांचे नाव टाक्याशी कायमचे जोडले गेले, तरी त्यांचे काम तेवढ्यापुरते नव्हते. लागोपाठची बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच सुरू होणारे कष्ट आणि अपुरे पोषण यांमुळे तरुण वयातच अंग बाहेर येणाऱ्या स्त्रिया त्यांच्याकडे येत. अशा वेळी पिशवी काढून टाकणे हा सरधोपट मार्ग. पण विशी-पंचविशीतल्या बाईची पिशवी काढली की तिचे मातृत्वच संपते. म्हणून पिशवी न काढता तिला पट्टीच्या झोळीने मागे वर बांधून धरण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली. बंद पडलेल्या गर्भनलिका उघडण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी भर घातली. १९६० मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरातील लिव्हिंगस्टोन प्रकाशनाने त्यांच्या या कामावरचे पुस्तक छापले.

भारत सरकारने १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. त्याच वर्षी ७ मार्च रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

टाक्याची कसोटी

शिरोडकर गेल्यानंतर त्यांच्या टाक्याची खरी परीक्षा झाली. एखादा उपचार गाजला की तो गरज नसलेल्यांवरही होऊ लागतो. टाक्याचे तेच झाले. तेव्हा ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांतील १,२९२ गर्भवतींवर एक मोठा अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. टाका घातलेल्यांपैकी १३ टक्के स्त्रिया ३३ आठवड्यांपूर्वी बाळंत झाल्या, तर टाका न घातलेल्यांपैकी १७ टक्के. म्हणजे साधारण पंचवीस टाक्यांमागे एक अकाली बाळंतपण टळले. तीन किंवा अधिक वेळा असे नुकसान झालेल्या स्त्रियांना सर्वाधिक लाभ दिसला. शिरोडकरांनी टाका सुचवला होता तोही अशाच स्त्रियांसाठी.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली. टाका घातलेल्या स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतर ताप येण्याचे प्रमाण दुप्पट होते. टाका हा शेवटी बाहेरून आत गेलेला धागा आहे आणि जंतूंना तो आधार देऊ शकतो. म्हणून आज टाका सरसकट घातला जात नाही. आधीचा इतिहास ठाम असेल तर तो साधारण १२ ते १४ आठवड्यांत घालतात. आधी अकाली बाळंतपण झालेल्या बाईच्या मुखाची लांबी सोनोग्राफीवर २४ आठवड्यांपूर्वी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर टाक्याचा विचार होतो. काहींना प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या योनीमार्गातून दिल्या जातात. नुसते जुळे आहे म्हणून टाका घालण्यात फायदा नाही. पाणमोट फुटल्यावर तर टाका घालायचाच नसतो.

पाणमोट फुटल्यानंतर

बाळ ज्या पाण्यात तरंगते ते गर्भजल आणि त्याभोवतीचे आवरण म्हणजे पाणमोट. हे आवरण बाळ आणि बाहेरचे जंतू यांच्यामधली भिंत असते. मुखातला चिकट स्राव हा दुसरा अडसर. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भवतींपैकी सुमारे ८ टक्क्यांमध्ये कळा सुरू होण्याआधीच पाणमोट फुटते. त्यातल्या बहुतेकींना दिवसभरात कळा येतात. दिवस भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांपूर्वी, ती फुटण्याचे प्रमाण २ ते ३ टक्के आहे. पण अकाली जन्मणाऱ्या बाळांपैकी जवळपास एक तृतीयांश बाळे अशाच मातांची असतात.

भिंत पडली की योनीमार्गातले जंतू वर चढू लागतात. कधी क्रम उलटा असतो: जंतू आधीच वर पोहोचलेले असतात, त्यांच्यामुळे आवरणाला सूज येऊन ते कमजोर होते आणि मग फुटते. दोन्ही वेळा परिणाम सारखाच. बाळ ते दूषित पाणी गिळते, त्याच्या फुप्फुसातही ते जाते. जन्मल्यावर पहिल्या तीन दिवसांतच न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मेंदूज्वर होऊ शकतो. बाळ जितके अपुऱ्या दिवसांचे, तितकी त्याची प्रतिकारशक्ती कमी. पाणी जाऊन १८ तासांपेक्षा जास्त वेळ झाला, आईला ताप आला, पाण्याला घाण वास आला किंवा अस्वच्छ हातांनी वारंवार आतून तपासणी झाली, तर धोका झपाट्याने वाढतो.

अशा वेळी आधी घातलेला टाका आत असेल तर काय? दिवस भरत आले असतील किंवा संसर्गाची शंका असेल, तर तो काढावाच लागतो. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान आईला ताप नसेल, कळा नसतील, तर बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शने पूर्ण होईपर्यंत किंवा मोठ्या रुग्णालयात हलवेपर्यंत डॉक्टर एक-दोन दिवस थांबू शकतात. तो निर्णय रुग्णालयाचा. घरी बसून टाका आहे म्हणजे बाळ सुरक्षित आहे, असे मानणे घातक आहे. आणि टाका असताना जोराच्या कळा सुरू झाल्या तर गर्भाशयाचे मुख फाटू शकते.

पाणमोट लवकर फुटल्यावर प्रतिजैविक द्यायचे की नाही, कोणते द्यायचे, याचाही सखोल अभ्यास झाला आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ४,८२६ गर्भवतींचा समावेश होता. एरिथ्रोमायसिनचा बाळांना फायदा दिसला. अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल या जोडऔषधाने मात्र बाळांच्या आतड्यांचा एक गंभीर आजार वाढला. हे जोडऔषध आज औषधाच्या दुकानात सहज मिळते आणि कुठल्याही तापाला घेतले जाते. पाणी जात असताना ते स्वतःच्या मनाने घेणे किती चुकीचे, हे यावरून लक्षात यावे.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. पाश्चात्त्य देशांत नवजात बाळांच्या संसर्गात एका विशिष्ट स्ट्रेप्टोकोकस जंतूचा वाटा मोठा आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बाळांच्या अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे जंतू आघाडीवर आढळले आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना त्यांतले अनेक दाद देत नव्हते. औषध संपत आल्यावर उरतात ते जुने उपाय: स्वच्छ हात, कमीत कमी आतली तपासणी, स्वच्छ नाळ आणि वेळेवर रुग्णालय.

गावात राहूनही नवजात बाळाचा संसर्ग ओळखता येतो, हे विदर्भानेच जगाला दाखवले. चंद्रपूरच्या पलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना बाळ तपासायला आणि संसर्गावर उपचार करायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. आज आशा कार्यकर्ती बाळाला घरी येऊन वेळोवेळी पाहते, त्या योजनेचे मूळ या कामात आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या गर्भवतीसाठी

झरी-जामणी किंवा मारेगावच्या आडगावातून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा प्रवास काही तासांचा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन जिवांची बाईही शेतात असते. अंगावरून पाणी जाते आहे, हे तिच्या लक्षात आले तरी ती नेहमीचे पांढरे पाणी किंवा लघवी समजून दुर्लक्ष करते. कळा येतील तेव्हा पाहू, असे घरातही ठरते. त्यात एक-दोन दिवस जातात आणि तेवढ्यात जंतू आपले काम करून टाकतात. म्हणून काही गोष्टी घरातल्या सगळ्यांना, पुरुषांनाही, माहीत हव्यात.

गर्भारपणात कोणत्याही महिन्यात एकदम पाणी गेले किंवा थेंब-थेंब सतत कपडे ओले होऊ लागले, तर पाणमोट फुटली असेच समजून निघावे. स्वच्छ कोरडी घडी लावावी. पाण्याचा रंग, वास आणि सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवावी. हिरवे, पिवळे, रक्तमिश्रित किंवा घाण वासाचे पाणी, ताप, पोट दुखणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे ही तातडीची लक्षणे आहेत. घरी किंवा वाटेत कुणालाही आतून तपासू देऊ नये. शरीरसंबंध टाळावा. १०२ किंवा १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. शासकीय रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया आणि आजारी नवजात बाळाचे उपचार विनामूल्य आहेत.

२४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान पाणी गेले आणि अकाली बाळंतपणाची शक्यता असली, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात. १२ तासांच्या अंतराने चार मात्रा. आईला गंभीर संसर्ग नसेल तर ती बाळाचा जीव वाचवणारी आहेत. म्हणूनही लवकर पोहोचणे महत्त्वाचे.

आधी असे नुकसान झाले असेल, तर पुढचे दिवस राहताच पहिल्या तीन महिन्यांतच प्रसूतितज्ज्ञांना जुनी कागदपत्रे दाखवावीत. टाक्याचा निर्णय त्या वेळी होतो. पाचव्या महिन्यात दुखू लागल्यावर अनेकदा उशीर झालेला असतो. लघवीतला व योनीमार्गातला संसर्ग वेळीच तपासून बरा करावा, रक्त वाढवावे, आणि खर्रा किंवा तंबाखू पूर्ण बंद करावी. तंबाखूमुळे अकाली बाळंतपणाचा धोका वाढतो.

बाळ जन्मल्यावरही पहारा सोडू नये. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा गरम लागत असेल, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, रडणे क्षीण झाले असेल, बाळ सुस्त पडत असेल किंवा बेंबी लाल होऊन पू येत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आईची पाणमोट किती तास आधी फुटली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या एका माहितीवर बाळाचे उपचार ठरू शकतात.

ज्यांना टाका घातला आहे, त्यांनी तो कोणत्या तारखेला आणि कुठे घातला हे कागदावर लिहून घ्यावे आणि माहेरी जाताना तो कागद सोबत ठेवावा. सर्व ठीक असेल तर साधारण ३६ ते ३७ आठवड्यांत टाका काढतात. शिरोडकरांच्या पद्धतीचा टाका त्वचेखाली झाकलेला असल्याने तो कुठला आहे हे काढणाऱ्या डॉक्टरला आधी कळणे आवश्यक असते. पाणी गेले, कळा आल्या, ताप आला किंवा रक्त दिसले, तर मात्र त्या तारखेची वाट पाहायची नाही. कागद घेऊन लगेच निघायचे.